तोफगोळे किती दिवसांचे साठवावेत? संरक्षण धोरणाचा अभ्यासक नेमके काय करतो

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले आणि पुढचे काही दिवस घरोघरचे टीव्ही मध्यरात्रीपर्यंत चालू राहिले. पडद्यावर नकाशे, बाण, क्षेपणास्त्रांची चित्रे, आणि त्यांच्याभोवती ‘संरक्षणतज्ज्ञ’ अशी पाटी लावून बसलेली सहा-सहा माणसे. त्याच दिवसांत काटोल रोडवरच्या आमच्या शेजारच्या घरातील, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने मला विचारले, “काका, हे लोक टीव्हीवर नसतात तेव्हा दिवसभर करतात तरी काय?” तिच्या वडिलांनी हातातला पेपर खाली न ठेवताच उत्तर दिले, “जो फौजेत गेलाच नाही, थो फौजेबद्दल काय सांगन जी?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. नागपुरात ते विचारले जावेत यात थोडी गंमतही आहे, कारण हवाई दलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालय वायुसेनानगरात आहे, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र कामठीला आहे, राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय याच शहरात उभे राहिले आणि नुसते ‘डिफेन्स’ म्हटले की रिक्षावाला अंबाझरीच्या आयुध निर्माणीकडे वळतो. इतके सगळे अंगणात असूनही संरक्षण धोरणाचा अभ्यास हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे, हे येथे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या व्यवसायाचा गाभा टीव्हीवर दिसणाऱ्या चर्चेपेक्षा बराच वेगळा आहे आणि तो मुख्यतः हिशेबाचा आहे, असे माझे मत आहे.

आधी तीन शब्द

या विषयात तीन शब्दांची नेहमी सरमिसळ होते. देशाला कशाचे रक्षण करायचे आहे, त्यासाठी किती किंमत मोजायची तयारी आहे आणि कोणत्या गोष्टीसाठी लढायचे नाही, हे ठरवणे म्हणजे धोरण. हाताशी असलेले सैन्य, पैसा, मित्र आणि वेळ यांची त्या धोरणासाठी केलेली मांडणी म्हणजे रणनीती. आणि प्रत्यक्ष रणांगणावर कोणती तुकडी कोठून पुढे न्यायची, तोफा कोठे ठेवायच्या, हे डावपेच.

या तिन्हींतला फरक पाहायला सीताबर्डीच्या टेकडीइतकी जवळची जागा नाही. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे आप्पासाहेब भोसले यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी यांच्यात लढाई झाली. भोसल्यांचे सैन्य संख्येने कित्येक पटींनी मोठे होते, त्यातील अरब शिपायांनी लहान टेकडी जिंकूनही घेतली होती, आणि तरीही अखेर कंपनी टिकली. शाळेत आपण ही गोष्ट शौर्य, घोडदळाचा हल्ला आणि टेकड्या यांच्या भाषेत शिकतो, म्हणजे डावपेचांच्या भाषेत. संरक्षण धोरणाचा अभ्यासक मात्र दीड वर्ष मागे जाऊन मे १८१६ च्या तहापाशी थांबेल. त्या तहान्वये भोसल्यांनी स्वतःच्या खर्चाने कंपनीची तैनाती फौज ठेवून घेण्याचे मान्य केले होते. ज्याच्याशी उद्या लढावे लागेल त्याचेच सैन्य आपल्या दाराशी आपल्याच पैशाने पोसण्याचा निर्णय एकदा झाल्यावर, टेकडीवरच्या पराक्रमाला वाव किती उरतो? टेकडीवर कोण कसे लढले हे सेनापतीने आणि इतिहासकाराने पाहावे. तो तह आधीच वाचून “याची किंमत पुढे अशी मोजावी लागेल” असे लिहिणे हे धोरणाच्या अभ्यासकाचे काम आहे.

घरखर्चासारखाच खर्च, फक्त शून्ये जास्त

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये मिळाले. हा आकडा ऐकून आपण थक्क होतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. अभ्यासक मात्र तो १०० रुपयांवर आणून वाचतो: साधारण २३ रुपये ६० पैसे निवृत्तिवेतनाला जातात, सुमारे २६ रुपये ४० पैसे नवी शस्त्रे, विमाने, जहाजे अशा भांडवली खरेदीला जातात आणि उरलेल्यांतले बहुतेक पैसे पगार, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती यांत संपतात. पगार आला की भाडे, किराणा, मुलांची फी आणि आईवडिलांची औषधे आधी निघून जातात, आणि नवा फ्रीज घ्यायचा की छताचे गळणारे पत्रे बदलायचे याचा वाद मात्र उरलेल्या थोड्या रकमेवर चालतो; संरक्षण खात्यातही तसेच आहे. लढाऊ विमाने हवीत की पाणबुड्या, हा वाद याच उरलेल्या रकमेवरचा असतो.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेकडे पाहा. चार वर्षांसाठी भरती करायची आणि त्यातील २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम ठेवायचे, अशी ही योजना. समर्थक म्हणाले, निवृत्तिवेतनाचा बोजा कमी होईल. विरोधक म्हणाले, अनुभवी जवान कमी होतील. दोन्ही बाजूंनी आवाज चढला. पण एक साधा प्रश्न फारसा विचारला गेला नाही: हा बोजा कमी होणार तरी कधी? जुन्या पद्धतीत भरती झालेल्या जवानाला निवृत्तिवेतनासाठी किमान १५ वर्षे सेवा करावी लागे. म्हणजे २०२२ च्या अखेरीस जो मुलगा अग्निवीर झाला, तो जुन्या पद्धतीने भरती झाला असता तर त्याचे निवृत्तिवेतन २०३७-३८ च्या आधी सुरूच झाले नसते. तोपर्यंत सरकारला जे निवृत्तिवेतन द्यावे लागेल ते आधीच भरती झालेल्यांचे, आणि त्याला ही योजना हात लावू शकत नाही. योजना चांगली की वाईट, हे यातून ठरत नाही. मात्र “लगेच पैसे वाचतील आणि त्यातून शस्त्रे घेता येतील” हा युक्तिवाद टिकत नाही, एवढे नक्की कळते. या व्यवसायातील चांगल्या कामाचा नमुना माझ्या मते हा असा असतो: निकाल देण्याआधी तारीख विचारायची.

विदर्भाच्या दारातले उदाहरण: दारूगोळा

या व्यवसायाची खरी चव पाहायची तर दारूगोळ्याच्या साठ्याचा प्रश्न घ्यावा. त्याचे बरेच धागे आपल्याच परिसरातून जातात, म्हणून येथे थोडे रेंगाळतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरण्याची रीत आहे. कमी भरले तर दिवाळीनंतर महाग घ्यावे लागते आणि जास्त भरले तर सोंडे लागतात. सैन्याचेही तसेच आहे. युद्ध पेटले तर किती दिवस पुरेल इतका दारूगोळा कायम भरलेला असावा, याचे एक प्रमाण ठरलेले असते. त्याला आपण येथे ‘युद्धसाठा’ म्हणू. भारतीय लष्करासाठी हे प्रमाण ४० दिवसांच्या तीव्र लढाईचे होते, आणि किमान २० दिवसांच्या खाली साठा जाऊ नये अशी एक तळरेषा आखलेली होती. २०१५ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे ‘कॅग’ने, अहवाल दिला की मार्च २०१३ मध्ये तपासलेल्या १७० प्रकारांपैकी १२५ प्रकारांचा साठा त्या तळरेषेच्याही खाली होता आणि निम्मे प्रकार तर १० दिवसही पुरले नसते. दुसऱ्या दिवशी मथळे छापून आले: ‘लष्कराकडे फक्त दहा दिवसांचा दारूगोळा!’

मथळा आणि अहवाल यांच्यात जी दरी राहते, तेथे अभ्यासकाचे काम सुरू होते. त्याचा पहिला प्रश्न असतो की हे १० दिवस कोणत्या वेगाने मोजले. ‘तीव्र लढाई’त एक तोफ दिवसाला किती गोळे डागेल, हे कोणी तरी कधी तरी गृहीत धरलेले असते, आणि तो दर १९७१ च्या अनुभवावर बेतला की कारगिलच्या, यावर सगळे उत्तर उलटेपालटे होऊ शकते. दुसरा प्रश्न असा की कोणते प्रकार कमी आहेत. रणगाड्याचा गोळा कमी असणे आणि धूर करणारा गोळा कमी असणे यांची एकाच यादीत बेरीज होते, परंतु त्यांचे परिणाम सारखे नसतात.

मग साहजिक वाटते की भरपूर भरून ठेवा, विषय संपला. येथे सोंडे आठवावेत. तोफगोळ्याला ढकलणारी दारू रासायनिक असते, ती काळानुसार खराब होते, तिची नियमित तपासणी करावी लागते आणि मुदत संपलेला माल काळजीपूर्वक नष्ट करावा लागतो. साठवणे धोक्याचेही असते. ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि तीत अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचाऱ्यांचे बळी गेले. साठ्याचा प्रत्येक जादा दिवस म्हणजे आणखी गोदामे, आणखी पहारा, आणखी जोखीम.

म्हणून खरा प्रश्न ‘किती साठवावे’ एवढाच उरत नाही, ‘गरज पडल्यावर किती वेगाने बनवता येईल’ हाही त्याला जोडला जातो. विदर्भाचे महत्त्व येथेच आहे. तोफगोळा ही एक वस्तू नसून अनेक वस्तूंची जुळणी असते: धातूचे कवच, आत भरायचे स्फोटक, ढकलणारी दारू, आणि योग्य क्षणी स्फोट घडवणारा फ्यूज. अंबाझरीला मुख्यतः धातूचे काम होते, भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला दारू आणि स्फोटकांचे, तर भद्रावतीजवळच्या चांदा निर्माणीत ते भरण्याचे. यातील एक कडी अडली की बाकीच्या दोन कितीही वेगाने चालल्या तरी गोळा तयार होत नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माण्यांचे जुने मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या गेल्या. तेव्हा अंबाझरी ‘यंत्र इंडिया’कडे गेली, जिचे मुख्यालय नागपुरातच आहे, आणि चांदा व भंडारा ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेल्या, जिचे मुख्यालय पुण्याला आहे. म्हणजे पूर्वी एकाच छताखाली असलेली साखळी आता दोन कंपन्यांच्या ताळेबंदांत विभागली गेली आहे. शांततेच्या काळात याने शिस्त वाढेल की युद्धकाळात वेग घटेल, हा नागपूरकर अभ्यासकाने हाती घ्यावा असा प्रश्न आहे, आणि त्यावर मराठीत गंभीरपणे लिहिलेले माझ्या वाचनात फारसे नाही.

फेब्रुवारी २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धाने हा विषय जगभर ऐरणीवर आणला. युद्धापूर्वी अमेरिका १५५ मिलिमीटरचे महिन्याला साधारण १४ हजार गोळे बनवत होती, आणि युक्रेनमध्ये दिवसाला हजारोंच्या हिशेबाने गोळे डागले जात होते. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात १० लाख गोळे देण्याचे ठरवले. ती मुदत त्याला पाळता आली नाही. पैसा होता, इच्छा होती, कारखाने मात्र आटलेले होते.

आपल्या बिछायत केंद्राचा मालक हे चटकन समजू शकेल. लग्नसराई संपली की त्याच्या खुर्च्या, पातेली आणि मंडपाचे खांब महिनोन् महिने धूळ खातात, तरीही तो ते विकून टाकत नाही, कारण मुहूर्ताच्या आदल्या दिवशी हजार खुर्च्या कोठूनच आणता येत नाहीत. फरक इतकाच की त्याला पुढच्या मुहूर्ताची तारीख पंचांगात दिसते. रिकामी यंत्रे आणि प्रशिक्षित कामगार शांततेच्या काळात सांभाळण्याचा खर्च कोणी करायचा, सरकारी कंपनीने, खासगी उद्योगाने की थेट सरकारने ठरावीक मागणी देत राहून, हे ठरवणे म्हणजे संरक्षण धोरण. बाजारगाव परिसरातील खासगी स्फोटक उद्योगाने रॉकेट आणि हल्ला करणारे ड्रोन बनवायला घेतल्यापासून तर हा प्रश्न आपल्या शहरासाठी पुस्तकी राहिलेलाच नाही.

कुंपणाचे गणित

आता पद्धतीविषयी थोडे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात ब्रिटनची मालवाहू जहाजे बुडवत होत्या. जहाजे ताफ्याने जात आणि भोवती संरक्षक नौका असत. मोठा ताफा म्हणजे शत्रूला मोठे सावज, म्हणून ताफे लहान ठेवावेत, असे अनुभवी नौदल अधिकाऱ्यांना वाटत होते. पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने नुकसानीच्या नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा चित्र उलटे दिसले: लहान ताफ्यांमध्ये बुडणाऱ्या जहाजांची टक्केवारी मोठ्या ताफ्यांच्या दुपटीहून अधिक होती.

कारण आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही. रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला तारेचे कुंपण घालायचे असेल, तर चार एकरांच्या चौकोनी शेताला एका एकराच्या चौपट नाही, फक्त दुप्पट तार लागते. क्षेत्र चौपट होते, परीघ दुप्पट होतो. ताफा मोठा केला तर राखायचा परीघ त्या मानाने थोडाच वाढतो, त्यामुळे तेवढ्याच संरक्षक नौका अधिक जहाजांना पुरतात. शिवाय पाणबुडीला ताफा सापडण्याची शक्यता त्याच्या आकाराने फारशी वाढत नाही, आणि सापडला तरी ती ठरावीकच जहाजे बुडवू शकते. १९४३ मध्ये ताफे मोठे करण्यात आले. नवे जहाज बांधले नाही, नवी तोफ घडवली नाही. फक्त मांडणी बदलली.

हेच ब्लॅकेट पुढे पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून भारतात आले आणि १९४८ मध्ये त्यांनी आपल्या संरक्षण दलांसाठी अहवाल लिहिला. मोठ्या राष्ट्रांशी महागड्या शस्त्रांची शर्यत लावू नका, आपल्याला बनवता आणि वापरता येईल अशा साधनांवर भर द्या, असा त्यांच्या सल्ल्याचा रोख होता. तो सर्वस्वी बरोबर होता असे मी म्हणणार नाही.

“थो फौजेबद्दल काय सांगन?”

आता शेजाऱ्यांच्या आक्षेपाकडे येतो. ब्लॅकेट तरुणपणी नौदलात होते, त्यामुळे त्यांचे उदाहरण येथे पूर्ण लागू होत नाही. के. सुब्रह्मण्यम यांचे होते. ते रसायनशास्त्र शिकलेले सनदी अधिकारी. त्यांनी कधी गणवेश घातला नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, म्हणजे हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे आपण ज्या काळाविषयी म्हणतो त्या काळात, १९६५ मध्ये दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. सुब्रह्मण्यम तिचे दोनदा संचालक होते. कारगिल युद्ध संपल्यावर तीनच दिवसांनी, २९ जुलै १९९९ रोजी, नेमल्या गेलेल्या आढावा समितीचे ते अध्यक्ष होते. आणि भारत अण्वस्त्राचा पहिला वापर करणार नाही हे तत्त्व ज्या मसुद्यात आले, तो मसुदा तयार करणाऱ्या मंडळाचे निमंत्रकही तेच होते. आज ती संस्था मनोहर पर्रीकरांच्या नावाने ओळखली जाते.

तरीही शेजाऱ्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. सियाचिनवर बंदुकीचे तेल गोठते, रात्री नकाशा वाचताना चूक होते, दमलेली तुकडी आदेश ऐकते पण हळू चालते. हे कागदावर येत नाही आणि ज्याने अनुभवले नाही त्याच्या हिशेबातून ते निसटते. उलट, ज्याने ३० वर्षे एकाच दलात काढली त्याला आपल्या दलाचीच गरज सगळ्यात मोठी वाटते. रणगाड्यातून निवृत्त झालेला अधिकारी रणगाडे कमी करा असे लिहील, याची फार आशा धरू नये. गणवेशातला आणि बिनगणवेशातला, दोघेही एकाच टेबलावर हवेत. त्या टेबलावर पुढच्या निवडणुकीचा विचार करणारे कोणी नसले तर फारच उत्तम, पण ते जमत नाही.

सगळे तर गुप्त असते, मग अभ्यास कशाचा?

बरेच काही गुप्त असते हे खरे. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स यांचा अहवाल सरकारने आजतागायत अधिकृतपणे खुला केलेला नाही आणि १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून लागू आहे. तरी उघड्यावर जे पडलेले असते तेही थोडेथोडके नाही. अर्थसंकल्पाच्या मागण्या, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल, कॅगचे परीक्षण, शस्त्रखरेदीच्या जाहीर निविदा, विकत मिळणारी उपग्रह छायाचित्रे, आणि शेजारी देशांची सरकारी वर्तमानपत्रे त्यांच्याच भाषेत. चांगला अभ्यासक गुप्त कागद मिळवत नाही. वर्षानुवर्षे उघडे पडलेले कागद तो एकमेकांशेजारी ठेवून वाचतो.

भाकिते तर चुकतात

चुकतात, आणि मोठ्या प्रमाणावर चुकतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन फौजा काही दिवसांत कीव्ह घेतील, असे नामांकित लोकांनी मानले होते. रणगाडे आणि विमाने मोजली गेली. पुरवठ्याच्या गाड्या, रस्त्यावरची कोंडी आणि लोकांची लढण्याची जिद्द मोजायची राहिली.

म्हणून या व्यवसायातील शहाणी माणसे “असे होईल” म्हणण्याचे टाळतात. “हे गृहीत खरे ठरले तर असे, खोटे ठरले तर तसे, आणि ते खोटे ठरत असल्याची पहिली खूण ही” अशा रीतीने ती लिहितात. अशी वाक्ये टीव्हीवर तीस सेकंदांत बसत नाहीत. टीव्हीवर जो तज्ज्ञ आकडा किंवा तारीख छातीठोकपणे सांगतो, त्याच्याकडे मी त्या दिवसापुरता वाहिनीचा कलाकार म्हणूनच पाहतो.

भाकितापेक्षा मोठा धोका मला पैशाचा वाटतो. शस्त्रे बनवणाऱ्या उद्योगाच्या देणगीवर चालणारी संस्था शस्त्रांची गरज कमी आहे असे सहसा सांगणार नाही. सेना आणि उद्योग यांच्या युतीच्या वाढत्या प्रभावाविषयी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी जानेवारी १९६१ मध्ये, पद सोडताना, इशारा दिला होता, आणि ते स्वतः सेनापती राहिलेले होते. आपल्या शहराभोवती हा उद्योग वाढतो आहे, तेव्हा नागपुरातून लिहिणाऱ्याने आपल्याला पैसे कोण देतो हे लेखाच्या पहिल्याच ओळीत सांगावे, असे मला वाटते.

कोणी ऐकते का?

ऐकतात, पण वेळ लागतो. कारगिल समितीच्या पाठोपाठ नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्ये तिन्ही दलांसाठी एक संरक्षण दल प्रमुख असावा अशी शिफारस केली. अंदमान-निकोबारची तिन्ही दलांची एकत्रित कमांड त्याच वर्षी झाली. संरक्षण दल प्रमुखाचे पद मात्र १ जानेवारी २०२० रोजी, जनरल बिपिन रावत यांच्या नेमणुकीने अस्तित्वात आले. जवळपास १९ वर्षे. ज्याने शिफारशीचा पहिला मसुदा लिहिला असेल तो मधल्या काळात निवृत्तही झाला असेल.

तिन्ही दलांना भूभागानुसार एकाच सेनापतीखाली आणायचे, ज्याला ‘थिएटर कमांड’ म्हणतात, हा पुढचा वाद त्याच वळणावर आहे. लष्कराच्या सात, हवाई दलाच्या सात आणि नौदलाच्या तीन कमांड आज वेगवेगळ्या आहेत. पूर्वेकडच्या सीमेसाठी लष्कराचे मुख्यालय कोलकात्याला आणि हवाई दलाचे शिलाँगला, अशी मांडणी आहे. एकत्रीकरण सोपे वाटते, पण हवाई दलाचा आक्षेप पोकळ नाही. लढाऊ विमानांच्या मंजूर ४२ स्क्वाड्रनच्या, म्हणजे तुकड्यांच्या, जागी तीसच्या आसपासच असताना त्या कायमच्या वाटून टाकल्या तर ऐन वेळी एका सीमेवरून दुसरीकडे हलवायच्या कशा? अग्निशमनाच्या तीनच गाड्या असलेल्या शहरात प्रत्येक झोनला एकेक कायमची देऊन टाकावी, की सगळ्या मध्यवर्ती ठेवाव्यात, असा हा पेच आहे. झोनचा अधिकारी एक म्हणेल, केंद्राचा दुसरे म्हणेल, आणि दोघांचेही चूक नसेल.

नागपुरात राहून या वाटेला लागायचे असेल तर

कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक दिल्लीत आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. सुरुवातीची कामे बहुधा मुदतीच्या करारावरची संशोधन सहायकाची असतात. वाटा मात्र अनेक आहेत. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, हा विषय घेऊन ‘नेट’ परीक्षा देता येते, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर काही वर्षे निश्चिंतपणे अभ्यास होतो. लष्कर, नौदल आणि हवाई दल यांच्या प्रत्येकाच्या जवळच्या अभ्याससंस्था दिल्लीत आहेत. लोकसेवा आयोगातून भारतीय संरक्षण लेखा सेवेत गेलेला अधिकारी तर पैशाच्या मुळाशीच बसतो; संरक्षणाचा खर्च आतून पाहण्याची त्याच्याइतकी संधी फार कमी जणांना मिळते. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकलेल्यांची या क्षेत्रात उणीव आहे, आणि ज्याला चिनी भाषा वाचता येते त्याला काम शोधत फिरावे लागत नाही. केवळ आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी घेऊन येणाऱ्यांची गर्दी त्या मानाने पुष्कळ आहे.

शेजारच्या मुलीला मी पदवीविषयी फार काही सांगितले नाही. कॅगचा २०१५ चा तो अहवाल संकेतस्थळावरून उतरवून घे आणि केवळ तक्ते वाच, एवढेच सुचवले. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन आली. कवच अंबाझरीला, दारू जवाहरनगरला, भरणी भद्रावतीला, असा तिने बाणांचा नकाशा काढला होता आणि फ्यूजच्या चौकटीत प्रश्नचिन्ह ठेवले होते. ते पाहून तिच्या वडिलांनी पेपर बाजूला ठेवला. “ऑर्डनन्समधून रिटायर झालेले माझे एक मित्र दत्तवाडीले राहतात,” ते म्हणाले. “रविवारी चाल, त्यायलेच विचारू.”